मावशींनी चार दिवस का लपवलं?

ताई, नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या ५० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये मी जनरल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. गेल्या आठवड्यात कचऱ्याची लाल पिशवी बांधताना आमच्या एका मावशींच्या तळहाताला सुई टोचली. त्यांनी हळद लावली, चिंधी बांधली आणि कोणाला काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मला दुसऱ्या मावशींकडून कळलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, 'हे आत्ता सांगताय?' त्या रडल्या, मलाही वाईट वाटलं. आमच्याकडे सुई टोचल्याची नोंद करायचं रजिस्टर आहे, पण दीड वर्षात त्यात एकही नोंद नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, 'आत्ता नको, एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं) इन्स्पेक्शन तोंडावर आलंय, नाव खराब होतं.' सुई पिशवीत टाकणारी बहुतेक नाइटची नवीन मुलगी. तिला मेमो द्या, असं मेट्रन मॅडम म्हणतात. दरवर्षी ट्रेनिंग होतं, भिंतीवर पोस्टर आहेत, सगळ्यांना सगळं माहीत आहे, तरी कोणी वागत नाही. स्टाफमध्ये सेफ्टीची जाणीव कशी आणू?

– एक इनचार्ज सिस्टर

प्रिय सिस्टर,

पत्र आलं त्याच दिवशी मावशींबद्दलचं तातडीचं मी तुम्हाला कळवलं होतं. तेच आधी इथे लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी वॉर्डात आज हेच झालेलं असेल.

सुई टोचली की ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच ओतायचं नाही. हळदही नको. एचआयव्ही टाळण्याची औषधं, म्हणजे ज्याला आपण पीईपी म्हणतो ती, शक्यतो दोन तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावी लागतात आणि पुढे २८ दिवस घ्यायची असतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात. मावशींच्या बाबतीत ही वेळ हुकली. हिपॅटायटिस बीची वेळ मात्र हुकली नव्हती. त्यांनी लस कधीच घेतलेली नव्हती, आणि ती त्या दिवशीही सुरू करता येत होती. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, खरं तर पहिल्या २४ तासांतच द्यायचं, पण सात दिवसांच्या आत असेल तर डॉक्टर त्याचाही विचार करतात. रक्ताची सुरुवातीची तपासणी लगेच करून ठेवायची, म्हणजे पुढे काही निघालंच तर ते आधीचं की या सुईमुळे झालेलं, हा वाद राहत नाही. त्यापुढच्या तपासण्या साधारण सहा महिने चालतात. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे.

या आकड्यांबद्दल आपल्या वॉर्डांत गंमतच असते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होते हजारात साधारण तिघांना. हिपॅटायटिस सीची शंभरात दोघांना किंवा त्याहूनही कमी. आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. शिवाय त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो, म्हणजे कालच्या पिशवीतली सुईही तितकीच वाईट. आपण सगळे झोपेतून दचकून उठतो ते एचआयव्हीच्या भीतीने. ज्याच्यावर पक्की लस आहे, त्या हिपॅटायटिस बीची आठवण कोणालाच नसते. तुमच्या वॉर्डातल्या किती मावशींचे, मामांचे तीन डोस पूर्ण झालेत? आज कागद घेऊन विचारत फिरा. उत्तर ऐकून तुम्हीच खाली बसाल असा माझा अंदाज आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. जाणीव कशी आणू, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, मावशींना जाणीव पुरेपूर होती. त्यांनी हिशोब केला आणि त्यांच्या जागेवरून तो बरोबर निघाला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? आधी बोलणी बसली असती, 'ग्लोव्हज का नव्हते घातले' असं विचारलं गेलं असतं. मग रक्त तपासायला पाठवलं असतं, आणि तुमच्या लॅबमधला मुलगा त्यांच्याच गल्लीतला असणार. संध्याकाळपर्यंत 'तिची एचआयव्हीची टेस्ट केली म्हणे' हे घरी पोचलं असतं. त्या एजन्सीच्या असतील तर एजन्सीने पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हटलं असतं. औषधाचे पैसे कोणी द्यायचे हे त्यांना ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नसावं. उलट, न सांगितलं तर? बहुधा काहीच होणार नव्हतं. हजारात तिघं म्हणजे बाकीच्या ९९७ जणांना काही होत नाही, आणि गप्प बसणारा प्रत्येक जण स्वतःला त्या ९९७ मध्ये धरतो. जिथे सांगण्याची शिक्षा नक्की आणि न सांगण्याची शिक्षा लांबची, तिथे माणसं गप्पच बसणार. दहा ट्रेनिंगं घेतलीत तरी हा हिशोब बदलत नाही. बदलायचा आहे तो हिशोब, आणि तो बदलणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

त्या कोऱ्या रजिस्टरबद्दल एक सांगते. ५० खाटा, तीन पाळ्या, दिवसाला शेकड्याने सुया, आणि दीड वर्षात एकालाही टोचली नाही? वॉर्डातल्या पेशंटचा टेम्परेचर चार्ट आठवडाभर कोरा दिसला तर 'ताप नव्हता' असं तुम्ही म्हणाल का? हार्वर्डच्या अ‍ॅमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात नर्सिंगच्या टीम आणि औषधं देण्यातल्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले. ज्या वॉर्डांत टीम चांगली, इनचार्जशी संबंध मोकळे, तिथेच चुका जास्त नोंदलेल्या होत्या. शोध घेतल्यावर उलगडा झाला, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे लोक त्या सांगत होते. बाकीच्या वॉर्डांत त्याच चुका पोटात घातल्या जात होत्या. सरांना इन्स्पेक्शनची काळजी आहे ना? त्यांना सांगा, की एनएबीएचवाले सुई टोचण्याच्या नोंदी मागतातच, आणि कोरं रजिस्टर बघून कोणत्याही अनुभवी असेसरच्या भुवया वर जातात. पाच नोंदी आणि प्रत्येकीच्या पुढे काय केलं ते लिहिलेलं, हे त्यांना जास्त पटतं.

तुम्ही ओरडलात. ठीक आहे, भीतीने ओरडलात. पण त्या दिवशी वॉर्डात उभ्या असलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट मनात नोंदवून ठेवली, की सांगितलं की असं होतं. हे पुसायचं असेल तर खाजगीत माफी मागून पुरणार नाही. ओरडणं सगळ्यांसमोर झालं, तर दुरुस्तीही सगळ्यांसमोर व्हायला हवी. सकाळच्या हँडओव्हरला, नाइट आणि डे दोन्ही पाळ्या हजर असताना, मावशींकडे बघून दोन वाक्यं बोला: 'मावशी, मी त्या दिवशी ओरडले ते चुकलं. तुम्ही सांगितलंत तर तुमच्यावर कोणी चिडणार नाही, हे आता माझ्याकडे लागलं.' जास्त लांबवू नका, रडारड नको, भाषण तर नकोच. 'दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं' हा उल्लेखही नको, नाहीतर ज्या मावशींनी तुम्हाला सांगितलं त्यांची चहाडखोर म्हणून वाट लागेल. खरं तर त्यांनीच तुमच्या वॉर्डातलं पहिलं रिपोर्टिंग केलं.

पुढच्या वेळी कोणी येऊन 'सिस्टर, टोचली' म्हटलं, तर तुमच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न आधीच ठरवून ठेवा. 'कशी काय टोचली?' हा प्रश्न नको, त्यात आरोप आपोआप येतो. 'किती वेळ झाला?' हा विचारा. वैद्यकीयदृष्ट्या तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि माणसालाही कळतं की इथे आधी माझी काळजी चाललीय. दुसरा: 'धुतलं का?' तिसरा: 'सोबत कोणाला पाठवू?' कारणमीमांसा उद्या. तिन्ही पाळ्यांच्या सीनियर सिस्टरांना आणि आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, हे तीन प्रश्न पाठ हवेत. तुम्ही रात्री अडीच वाजता वॉर्डात नसता आणि सुया रात्रीही टोचतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आता ती सुई लाल पिशवीत गेली कशी, याचा माग काढू. मेट्रन मॅडमनी तो माग नवीन मुलीपाशी थांबवला. मी तुमच्या वॉर्डात नाही, पण अशा वॉर्डांत मी बरीच वर्षं काढलीत. चित्र साधारण असं असतं. नाइटला एक सिस्टर, पंचवीस पेशंट, रात्री दहाची इंजेक्शनं. सुया टाकायचा पांढरा डबा नर्सिंग स्टेशनला, सिंकशेजारी, कारण तिथे तो 'नीट' दिसतो आणि राउंडला आलेल्यांच्या डोळ्यांत भरतो. शेवटची खाट तिथून चाळीस पावलांवर. मुलगी किडनी ट्रेमध्ये वापरलेल्या सुया गोळा करत जाते. मध्येच एखाद्याची सलाइन संपते, नातेवाईक आरडाओरडा करतो, ट्रे कुठेतरी टेकवावा लागतो. ट्रेमध्ये सुयांसोबत सिरिंज, कापूस, सलाइनच्या सेटचे तुकडे. पहाटे पाचला ती ट्रे रिकामी करते. सिरिंज लाल पिशवीत जातात, कापूस पिवळ्या पिशवीत, आणि एखादी सुई सिरिंजलाच राहिलेली असते. नीडल कटर आहे, पण तो बिघडलाय, किंवा त्याचा प्लग बसत नाही, किंवा त्याची चावी स्टोअरकीपरकडे आहे. हे सगळं त्या मुलीने केलं का? तिने फक्त शेवटची पायरी चढली. मेमो दिलात तर ती पुढच्या वेळी सुई अधिक खोल लपवील एवढंच होईल.

म्हणून डबा हलवा. सुया जिथे वापरल्या जातात तिथे तो असला पाहिजे, म्हणजे इंजेक्शनच्या ट्रॉलीवर. ट्रॉलीला डबा बांधायचा, तो सिस्टरसोबत खाटेपर्यंत जाणार, आणि सुई टोचून झाली की हात लांब केला की डबा, इतकं अंतर. ट्रॉली नसेल तर मोठ्या ट्रेमध्ये बसेल असा छोटा डबा घ्या. तो पांढरा, आत दिसेल असा, न फुटणारा, न गळणारा आणि छेडछाड करता येणार नाही असा हवा, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतच आहे. तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. गच्च भरलेल्या डब्यात बोटाने सुई आत ढकलणारे सीनियर ब्रदर मी पाहिलेत, आणि त्यांना रोखायचं धाडस कोणी करत नाही, कारण ते सीनियर.

टोपण परत लावायची सवय तर आपल्याकडे हाडीमाशी खिळलीय. 'सिस्टर, उघडी सुई ट्रेमध्ये ठेवू नका, टोपण लावा' असं आपल्याला जुन्या ट्यूटरांनीच शिकवलं. तेव्हा डबे नव्हते, त्यांचं बरोबर होतं. आज डबा हाताशी असेल तर टोपणाची गरजच उरत नाही. फारच नाइलाज असेल तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एका हातानेच सुई त्यात सरकवायची.

इन्सुलिनच्या सिरिंजचंही सांगून टाकते, कारण त्यात सगळीकडेच गोंधळ दिसतो. तिची सुई सिरिंजलाच जडलेली असते, म्हणून अख्खी सिरिंज पांढऱ्या डब्यात. ग्लुकोमीटरची लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची छोटी सुई, पेशंटच्या उशीखाली किंवा नातेवाइकांच्या हातात राहते, तिच्याकडे लक्ष ठेवा. आणि सलाइनसाठी शिरेत घालतात त्या इंट्राकॅथची आतली सुई! ती चादरीत पडते, चादर गोळा करून गाठोडं लाँड्रीला जातं, आणि तिथल्या माणसाला टोचते. त्याची नोंद तर कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, कारण तो हॉस्पिटलचा माणूस आहे हेच कोणाला मान्य नसतं. लाँड्रीवाल्यांना एकदा जाऊन विचारा, चादरीत काय काय सापडतं. पुढची दोन वर्षं पुरेल एवढं ट्रेनिंग तिथे एका चहात मिळेल.

तुम्ही पत्रात सरांबद्दल फक्त इन्स्पेक्शनचं लिहिलंत. पण मी पैज लावून सांगते, तुमच्या ड्रेसिंग ट्रॉलीवर सुचर निडल (टाक्यांची सुई) आणि ब्लेड तसेच ठेवून जाणारे एक-दोन सर असतीलच. सर टाके घालतात, ग्लोव्हज काढून गॉजच्या ढिगावर टाकतात आणि फोनवर बोलत निघून जातात. तो ढीग उचलते मावशी. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची, हा जगभरातला साधा नियम आहे. आपल्याकडे तो डॉक्टरांच्या दारापाशी संपतो. स्टाफ हे रोज बघतो आणि त्यातून शिकतो, की सुरक्षा ही खालच्यांनी पाळायची गोष्ट आहे. तुम्ही मावशींना कितीही समजावलंत तरी या एका दृश्यापुढे ते टिकत नाही.

सरांना सांगायचं कसं? भांडून नाही, आणि हात जोडूनही नाही. शेवटचा टाका पडत असताना डबा उघडून त्यांच्या हाताखाली धरायचा आणि म्हणायचं, 'सर, सुई यात.' बस. शंभरातले नव्वद सर टाकतात, कारण विचार करायला वेळच मिळत नाही. ज्यांना राग येतो त्यांच्यासाठी मालक डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या आणि मायनर ओटीत, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत, लावा: 'शार्प (सुई, ब्लेड) वापरणाऱ्यानेच डब्यात टाकावे.' खाली त्यांची सही. सही नसेल तर ती ओळ तुमची होते. सही असेल तर ती हॉस्पिटलची होते, आणि तुम्हाला फक्त भिंतीकडे बोट दाखवावं लागतं.

मालक डॉक्टरांशी बोलताना नैतिकतेपासून सुरुवात करू नका. कायद्यापासून करा. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, रुजू होताना आणि दरवर्षी ट्रेनिंग देणं, दरवर्षी आरोग्य तपासणी करणं ही हॉस्पिटल चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. 'ते एजन्सीचे आहेत' ही सबब त्यात बसत नाही, कारण नियमात फक्त कर्मचारी म्हटलेलं नाही, कचरा हाताळणारे इतरही म्हटलेत. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा २०१७ चा, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. ज्यांना कामावर एचआयव्हीचा धोका आहे त्यांना बचावाची साधनं, ती वापरण्याचं ट्रेनिंग आणि सुई टोचल्यावरची औषधं पुरवणं हे आरोग्य संस्थेचं काम आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. लेखी परवानगीशिवाय कोणाचा एचआयव्हीचा रिझल्ट उघड करता येत नाही, हेही त्यातच आहे. उद्या एखाद्या मावशीला काही झालं आणि प्रकरण नुकसानभरपाईवर गेलं, तर कोरं रजिस्टर सरांना वाचवणार नाही, गोत्यात आणेल. आणि खर्च? तुमच्या वॉर्डातल्या सगळ्या मावशी-मामांच्या लसीचा एकूण खर्च काढा आणि एखाद्या आयसीयू पेशंटच्या बिलाशेजारी ठेवून दाखवा. डॉक्टर हिशोबाला पक्के असतात, त्यांना ते चटकन दिसतं. एक पथ्य पाळा: लस पगारातून कापू नका, असं आधीच लिहून घ्या. मी लसीचे पैसे कापलेली पगाराची स्लिप पाहिलेली आहे, म्हणून सांगते.

तरीही सरांनी नाही म्हटलं तर? तुमची मागणी तारखेसह लिहून द्या, पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा. कचरा नियमांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते, हे तुम्हाला माहीत असू द्या. पण ते पहिलं पाऊल नव्हे. तुम्हाला त्याच गावात राहायचंय, मुलांच्या फिया भरायच्यात. वीरमरण पत्करा असा सल्ला मी कोणालाही देत नाही, तुम्हालाही नाही.

नोंदीचा फॉर्म बघितलात का? माझ्या पाहण्यातले बहुतेक फॉर्म इंग्रजीत, दोन पानांचे, आणि त्यात 'घटनेस जबाबदार व्यक्ती' अशा अर्थाचा एक रकाना. मावशींनी हा भरायचा? नोंद तोंडी चालली पाहिजे. त्यांनी सांगायचं, लिहायचं तुम्ही. मराठीत, एका पानात: केव्हा, कुठे, कुठली सुई, तेव्हा काय काम चाललं होतं, लगेच काय केलं, लस झालीय का. जबाबदार व्यक्तीचा रकाना खोडून टाका. रजिस्टर कुलपात, आणि चावी दोघींकडेच. तपासणी तुमच्या लॅबमध्ये करायची की ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात), की शेजारच्या तालुक्याला, हे ज्याला टोचलं त्याला विचारा. छोट्या गावात ओळख लपत नाही. शेजारच्या तालुक्याचं एसटीचं भाडं हॉस्पिटलने दिलं तर गप्प बसणारे निम्मे लोक बोलू लागतील.

रात्रीची सोय कागदावर नको, प्रत्यक्षात हवी. औषधं जवळात जवळ कुठे मिळतात, तिथे रात्री कोण असतं, कोणत्या गाडीने जायचं, तिच्या जागी वॉर्ड कोण बघणार? दोन तासांत औषध पोटात जायचं असेल तर ही चार उत्तरं ड्युटी रूमच्या भिंतीवर हवीत. एकदा दुपारी, काही झालेलं नसताना, स्वतः ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन विचारून या. 'आमच्याकडे नाही, जिल्ह्याला जा' असं उत्तर आलं तर ते आज कळलेलं बरं.

'म्हणजे कोणाला रागवायचंच नाही का?' असं मेट्रन मॅडम विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. घाईत हात घसरला, त्याला काय शिक्षा करणार? त्याला धीर द्यायचा. सगळेच करतात म्हणून पळवाट काढली, सुया ट्रेमध्ये साठवल्या, तर बसून बोलायचं आणि पळवाटेची गरज का पडते ते शोधायचं. डबा हाताशी, कटर चालू, दोनदा समजावून झालं, तरी कोणी मुद्दाम सुई पिशवीत फेकली, किंवा टोचलेल्या माणसाला 'कुठे बोलू नकोस' असं धमकावलं, तर मेमो द्या, जरूर द्या. त्यातही दुसऱ्या प्रकारात जरा जास्त कडक व्हा. आणि तो माणूस सीनियर असेल, सर असेल, तरी तोच न्याय. नाहीतर स्टाफ दोन दिवसांत ओळखतो की ही चाळणी कोणासाठी आहे.

त्या नवीन मुलीला मेमो देऊ नका. तिला सोबत घेऊन एका रात्री दहाचा राउंड करा. तुमची ड्युटी नसताना जा. तिच्यामागून चालत फक्त बघा, ती कुठे थांबते, ट्रे कुठे टेकवते, कुठे घाई होते. शेवटी तिलाच विचारा, 'डबा कुठे असता तर तुला सोपं गेलं असतं?' तिने सांगितलेली जागा मूर्खपणाची वाटली तरी आठवडाभर तिथे ठेवून पाहा.

मग जे बदललं ते हँडओव्हरला सांगा, कोणाच्या सांगण्यावरून बदललं तेही, तिची हरकत नसेल तर. नोंदी करूनही काहीच हललं नाही असं झालं की नोंदी येणं बंद होतं, हे सगळ्या हॉस्पिटलांत सारखंच. महिन्याला दहा गोष्टी सुधारायच्या नाहीत. एकच घ्या, पण ती आठवड्यात होऊ द्या. आधी कटर दुरुस्त करा, मग ट्रॉली, मग लाँड्री. सोमवारी हँडओव्हरच्या शेवटी पाच मिनिटं ठेवा आणि विचारा, 'या आठवड्यात काय होता होता राहिलं?' सुरुवातीला कोणी बोलणार नाही. तेव्हा तुम्हीच काहीतरी सांगा, तुमच्याच हातून होता होता राहिलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या सोमवारी एखादी मावशी तोंड उघडेल, आणि ती जे सांगेल ते बहुधा सुईबद्दल नसेल. ओल्या फरशीबद्दल असेल, ऑक्सिजन सिलिंडर एकटीने ओढायला लागतो त्याबद्दल, नाहीतर रात्री पेशंटच्या दारू प्यायलेल्या नातेवाइकाबद्दल. तेही लिहून घ्या. लोक आधी छोट्या गोष्टीवर तुमची परीक्षा घेतात आणि मगच मोठी सांगतात.

बॅनर, शपथ, 'सेफ्टी वीक'चा फोटो, १२ मेला परिचारिका दिनाचे गुलाब आणि केक, हे सगळं करायचं तर करा, मला काही म्हणायचं नाही. केक चांगला असतो.

मावशींच्या लसीचा दुसरा डोस पहिल्यानंतर एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी असतो. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या, १० च्या वर आल्या की लस लागू पडली. या तारखा त्यांच्याकडे नका सोपवू, तुमच्या ड्युटीच्या वहीत लिहा, आणि त्यांची ड्युटी त्या दिवशी दुपारची लावा म्हणजे सकाळी जाऊन येता येईल. वॉर्डातल्या बाकीच्यांच्या यादीचं काय झालं, आणि पैशांबद्दल सर काय म्हणाले, ते कळवा.